अदलाबदलीच्या गोल सुया आणि घरी शिवलेली पिशवी : दोन हिवाळ्यांच्या वापरानंतर

गेल्या दोन हिवाळ्यांत मी तीन मोठे स्वेटर आणि भाचीच्या बाळासाठी एक संपूर्ण बाळंतविडा एकाच संचाच्या सुयांवर विणला. हा संच अदलाबदलीच्या गोल सुयांचा आहे, म्हणजे सुयांच्या लाकडी जोड्या वेगळ्या, त्यांना जोडायच्या लवचीक केबली वेगळ्या, आणि हव्या त्या जाडीची जोडी हव्या त्या लांबीच्या केबलीला आटे फिरवून जोडायची. माझ्या संचात ३.५, ४, ४.५, ५, ५.५, ६, ७ आणि ८ मिलिमीटर अशा आठ जोड्या, ६०, ८० आणि १०० सेंटिमीटर लांबीची गोल सुई तयार होईल अशा केबली, केबलीच्या टोकांना लावायची टोपणे आणि आटे घट्ट करण्यासाठी तारेच्या छोट्या किल्ल्या होत्या. सुया बर्च लाकडाचे पातळ रंगीत थर एकावर एक चिकटवून आणि दाबून केलेल्या आहेत. अशा बनावटीचे संच आता अनेक कंपन्या काढतात आणि दिसायला ते जवळजवळ सारखेच असतात, म्हणून एका कंपनीचे नाव घेऊन शिफारस करण्यापेक्षा संच हातात घेतल्यावर नेमके काय तपासावे, हे मी सविस्तर लिहीत आहे.

विणकाम मी आईकडून शिकले आणि ते ॲल्युमिनियमच्या सरळ सुयांवर शिकले. मोठ्या माणसाच्या स्वेटरसाठी १४ इंची सुया लागत. पाठ वेगळी, पुढा वेगळा, बाह्या वेगळ्या, आणि शेवटी सगळे शिवून जोडायचे. पाठ मुंढ्यापर्यंत आली की विणलेल्या भागाचा सगळा भार सुईच्या टोकाकडे लोंबत असे आणि तो दोन्ही मनगटांना उचलून धरावा लागे. पन्नाशीनंतर मला हे जाणवू लागले. संध्याकाळी तासभर विणले की रात्री उजव्या मनगटात कळ येई, आणि काही वर्षे मी विणणे जवळजवळ सोडून दिले होते. गोल सुईवर हा भार केबलीवरून खाली मांडीवर येतो आणि हातात फक्त दोन छोटी टोके राहतात. या एका कारणासाठी मी हा संच पुन्हा घेईन. ज्यांना मनगटाचा किंवा खांद्याचा त्रास आहे त्यांनी बाकीचे काही वाचले नाही तरी चालेल, पण निदान एक गोल सुई घेऊन पाहावी.

संच घेण्याआधी मापांचा एक घोळ समजून घेणे आवश्यक आहे. आपल्याकडच्या जुन्या वह्यांमध्ये, मासिकांतल्या जुन्या नमुन्यांमध्ये आणि आई-मावशीच्या तोंडी सुईचा ‘नंबर’ असतो आणि तो जुन्या ब्रिटिश पद्धतीचा असतो. त्यात नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, १० नंबरची ३.२५ मिलिमीटरची. अमेरिकी पद्धतीत मात्र नंबर वाढला की सुई जाड होते आणि तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते. इंटरनेटवरून घेतलेला नमुना अमेरिकी आणि घरातली सुई ब्रिटिश नंबराची असली, तर स्वेटर कुणाच्याही मापाचा होत नाही. नव्या संचांवर मिलिमीटरच छापलेले असतात, ही त्यांची फार मोठी सोय आहे. माझ्या मावशीच्या वहीत ‘बॉर्डर १० नंबरवर, अंग ८ नंबरवर’ असे वाक्य प्रत्येक स्वेटरच्या आरंभी येते. आता त्याचा अर्थ मी सरळ ‘बॉर्डर ३.२५ वर, अंग ४ वर’ असा करते. आणि इथेच संचातली पहिली उणीव सापडते, ती म्हणजे त्यात ३.२५ ची जोडी नाही. ७ आणि ८ मिलिमीटरच्या जाड सुया, ज्या मी दोन वर्षांत एकदाही वापरल्या नाहीत, त्या आहेत, पण आपल्याकडे सगळ्यांत जास्त विणल्या जाणाऱ्या बारीक आणि मध्यम लोकरीसाठी बॉर्डरला लागणारी सुई नाही. ती मला वेगळी विकत घ्यावी लागली.

जाडीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक म्हणजे काय, हे ज्यांनी नमुना तुकडा विणून मोजलेला नाही त्यांना क्षुल्लक वाटेल. माझ्या तिसऱ्या स्वेटरचे गणित सांगते. छाती ९२ सेंटिमीटर, वर थोडी सैल जागा धरून घेर १०० सेंटिमीटर हवा होता. लोकरीच्या वेष्टनावर ४ मिलिमीटरच्या सुईवर १० सेंटिमीटरला २२ टाके आणि २८ ओळी असे लिहिलेले होते, म्हणजे २२० टाके. माझा हात थोडा सैल आहे आणि ४ वर माझे १० सेंटिमीटरला २० टाकेच बसतात. त्याच सुईवर २२० टाके घातले असते तर घेर ११० सेंटिमीटर झाला असता आणि एवढी लोकर, एवढे दिवस घालवून तो स्वेटर घालणाऱ्याच्या अंगावर गोणपाटासारखा लोंबला असता. ३.५ ची जोडी त्याच केबलीला लावून दुसरा तुकडा विणला तेव्हा बरोबर २२ टाके बसले. सरळ सुयांच्या दिवसांत एवढ्यासाठी दुकानात जाऊन नवी जोडी आणावी लागे, आणि तो कंटाळा आला की ‘चालेल’ म्हणून पुढे विणले जाई. संच घरात असला की तो कंटाळा आडवा येत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अंग गोल विणायचे असेल तर नमुना तुकडाही गोलच विणावा, कारण पुष्कळ जणींच्या हाताला उलट टाका सुलट टाक्यापेक्षा सैल येतो आणि सपाट विणलेला तुकडा खोटे माप देतो.

त्याच कारणाने या संचाचा एक उपयोग मला फार मोलाचा वाटतो, जो एकसंध गोल सुईवर करता येत नाही. बाळंतविड्याचा स्वेटर पुढून उघडा असतो, म्हणून तो सपाटच विणावा लागतो, एक ओळ सुलट, एक उलट. माझ्या उलट ओळी सैल पडत असल्याने विणीवर आडव्या पट्ट्या उमटत. केबलीच्या एका टोकाला ४ ची आणि दुसऱ्या टोकाला ३.५ ची सुई लावली आणि उलट ओळ नेहमी बारीक सुईने विणली, तेव्हा त्या पट्ट्या नाहीशा झाल्या. टाक्याचा आकार तो ज्या सुईवर तयार होतो तिच्या जाडीवर ठरतो, ज्या सुईवरून उतरतो तिच्यावर नाही, हे सोपे तत्त्व मला चाळीस वर्षे विणून झाल्यावर कळले.

आता सांध्याविषयी. लाकडी सुई जिथे धातूच्या टोपीत बसते आणि ती टोपी जिथे केबलीला जोडते, ते दोन सांधे म्हणजेच या संचाची खरी परीक्षा आहे. दुकानात सुईचे रंग पाहू नयेत. सुई केबलीला जोडून घ्यावी, डोळे मिटून अंगठ्याचे नख केबलीवरून सुईकडे आणि सुईवरून केबलीकडे फिरवावे. कुठेही नख अडले तर तिथे लोकरही अडणार, आणि प्रत्येक ओळीत दोनशे वेळा अडणार. नंतर बारीक लोकरीचा एक धागा सांध्यावरून ओढून पाहावा. त्याचा तंतू सुटून अडकत असेल तर संच परत द्यावा. माझ्या संचातल्या आठपैकी सात जोड्या या परीक्षेत चांगल्या उतरल्या. ४.५ च्या एका सुईच्या टोपीला मात्र अगदी सूक्ष्म कड होती आणि मऊ मेरिनो लोकर तिच्यावर सतत फाटल्यासारखी होत असे. विक्रेत्याला छायाचित्र पाठवल्यावर त्याने आधी ‘वापराने गुळगुळीत होईल’ असे उत्तर दिले, आणि तीन वेळा लिहिल्यानंतरच जोडी बदलून दिली. पहिल्याच आठवड्यात सगळ्या जोड्या तपासून घ्याव्यात असे मी म्हणते ते यामुळे. वापर करून झाल्यावर असा दोष कुणी मान्य करत नाही.

आटे घट्ट करायची किल्ली हा दिसायला नगण्य पण अत्यंत महत्त्वाचा भाग आहे. सांध्यातल्या छोट्या भोकात किल्ली घालून सुई नुसत्या बोटांनी फिरते त्यापेक्षा पाव वळसा जास्त फिरवावी लागते. पहिल्या स्वेटरच्या वेळी मी ही किल्ली वापरलीच नाही. विणताना सुई बोटांत किंचित फिरत राहते आणि ती फिरता फिरता आटे सुटत जातात. मुंढ्याच्या जरा वर, ओळीच्या मध्यावर, केबल सुईपासून निखळली आणि साठेक टाके एका क्षणात मोकळे झाले. सुदैवाने लोकर खरी होती, गुळगुळीत ॲक्रिलिक नव्हती, म्हणून टाके फारसे खाली धावले नाहीत आणि तासाभरात बारीक सुईने एकेक करून उचलता आले. त्यानंतर मी दोन सवयी लावून घेतल्या. विणायला बसताना आधी किल्ली फिरवायची, आणि दर दहा सेंटिमीटरवर आधाराचा दोरा घालायचा. हा दोरा घालण्यासाठी वेगळी सुई लागत नाही. किल्लीच्या त्याच भोकात शिवणाचा जाड गुळगुळीत दोरा ओवला आणि ती ओळ विणली की दोरा आपोआप सगळ्या टाक्यांतून जातो. पुढे काही चुकले तर त्या दोऱ्यापर्यंत निर्धास्तपणे उसवता येते.

गोल विणलेल्या स्वेटरला बाजूची शिवण नसते. तो विणण्याची मला सर्वांत समजलेली पद्धत एलिझाबेथ झिमरमन यांची आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये स्थायिक झालेल्या या विणकर बाईंनी (१९१०–१९९९) अंगाच्या टाक्यांची संख्या शंभर टक्के धरून बाकी सगळी मापे तिच्या टक्क्यांत बसवली. मनगटाला २० टक्के, दंडाला साधारण ३३ ते ३५ टक्के, काखेत ८ टक्के, गळ्याला ४० टक्के. माझ्या २२० टाक्यांना हे लावले तर मनगटाला ४४, दंडाला ७४, काखेत १८ आणि गळ्याला ८८ टाके येतात. २२०, ४४ आणि ८८ या तिन्ही संख्यांना चाराने भाग जातो, त्यामुळे दोन सुलट दोन उलट अशी बॉर्डर कुठेही टाका न वाढवता बसली. अंग आणि दोन्ही बाह्या काखेपाशी एकत्र आणल्या तेव्हा काखेतले टाके बाजूला ठेवून सुईवर २९६ टाके झाले. एवढे टाके १०० सेंटिमीटरच्या सुईवर थोडे दाटीने, पण नीट मावतात. १४ इंची सरळ सुईवर ते मावणे शक्यच नव्हते.

बाह्यांसाठी मी वेगळी छोटी सुई वापरत नाही. लांब केबल मधून बाहेर ओढून तिचा फास करायचा, निम्मे टाके एका सुईवर आणि निम्मे दुसऱ्या सुईवर ठेवून विणायचे, ही रीत एकदा हाताला बसली की ४४ टाक्यांची मनगटाची पट्टीसुद्धा त्याच लांब सुईवर होते. घडीच्या जागी टाके सैल पडून उभी रेघ दिसण्याची शक्यता असते, त्यासाठी प्रत्येक अर्ध्या भागातला दुसरा टाका जरा ओढून घ्यावा. केबली नव्या असताना डब्यात वेटोळ्या राहिल्याने वळलेल्या येतात आणि विणताना त्रास देतात. गरम पाण्यात क्षणभर बुडवून सरळ धरल्या की त्या सुधारतात. सगळ्यांत लहान, ६० ची सुई गळ्याच्या ८८ टाक्यांना लांब पडते, आणि ४० ची केबल घेतली तरी या संचातली लाकडी टोके तिच्यासाठी जास्त लांब आहेत, म्हणून गळाही फास करूनच विणावा लागतो.

संचाबरोबर जो कप्प्यांचा पाऊच आला, त्याच्याविषयी मात्र माझे मत चांगले नाही. पारदर्शक प्लॅस्टिकचे कप्पे, कडेने धातूची चेन, आणि आत सुया सोडून काहीही मावणार नाही एवढी जागा. चालू काम मी त्याच्याबरोबर एका चेनच्या थैलीत ठेवले आणि दुसऱ्याच दिवशी चेनच्या दातात बाहीचा टाका अडकून वीतभर धागा ओढला गेला. तो शेजारच्या टाक्यांत वाटून बसवता बसवता एक दुपार गेली. विणकामाच्या पिशवीला चेन असू नये, असे माझे तेव्हापासूनचे ठाम मत आहे, आणि बाजारात मिळणाऱ्या बहुतेक देखण्या पिशव्यांना नेमकी चेनच असते. म्हणून पिशवी घरी शिवली.

पहिली पिशवी मी अस्तराशिवाय शिवली आणि ती चूक होती. हौसेने खणाचे कापड घेतले होते, आणि खणाची कापलेली कड फार सुटते. तिसऱ्या दिवशी करड्या बाहीत नारिंगी धागा विणला गेलेला दिसला, तोही पाच ओळी खाली. दुसरी पिशवी शिवताना सगळ्या कडा अस्तराच्या आत गेल्या आणि तो प्रश्न मिटला. खणाचा पन्हा अरुंद असतो, म्हणून पिशवीच्या वरच्या निम्म्या भागाला खण आणि खालच्या भागाला मांजरपाट असे जोडून ४२ सेंटिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर उंच असे दोन तुकडे केले. फिकट पिवळ्या पॉपलिनचे अस्तर तेवढेच, पण चारही बाजूंनी अगदी थोडे कमी. अस्तराचा रंग फिकटच असावा, कारण खुणेच्या कड्या आणि गडद लाकडी टोके गडद अस्तरावर दिसत नाहीत. मखमल किंवा लवदार कापड अस्तराला चुकूनही घेऊ नये, लोकर त्याची लव उचलते.

एक सेंटिमीटर शिवण धरून तीन बाजू शिवल्या की खालचे कोपरे त्रिकोणी दुमडून, टोकापासून शिवणीवर सात सेंटिमीटर मोजून आडवी शिवण मारायची. तिथे १४ सेंटिमीटर रुंद आणि २६ सेंटिमीटर लांब असा चौकोनी तळ तयार होतो, पिशवी टेबलावर उभी राहते आणि गुंडा आत मोकळेपणाने फिरतो. पाचशे ग्रॅम लोकर आणि अर्धा झालेला स्वेटर तिच्यात मावतो. वर तीन सेंटिमीटरची दुमड घालून, दोन्ही बाजूंच्या शिवणीपाशी चार चार सेंटिमीटर उघडे ठेवून, मीटर मीटर लांबीच्या दोन नाड्या समोरासमोरच्या बाजूंनी ओवल्या. दोन्हीकडून ओढले की तोंड बंद, आणि विणताना थोडेसे उघडे ठेवले की धागा न अडकता बाहेर येतो. आमच्या जुन्या काळ्या पायमशीनवर इंचाला दहा टाके ठेवून आणि १४ नंबरची सुई लावून सगळे नीट झाले. फक्त तळाला बकरम घातलेल्या ठिकाणी, जिथे जाड कापडाच्या चार घड्या एकावर एक येतात, तिथे १६ नंबरची सुई लावून हाताने चाक फिरवत शिवावे लागले. आत एक खिसा उभ्या शिवणींनी चार भागांत विभागला आहे. एकात टेप, एकात किल्ल्या आणि टोपणे, एकात कात्री, आणि शेवटच्या अरुंद भागात सध्या वापरात असलेली जादा सुयांची जोडी. किल्ली पाऊचमध्ये असताना मी ती वापरत नव्हते आणि आता विणायला बसताना तीच आधी हाताशी येते.

पुण्यातल्या पावसाळ्यात लाकडी सुया थोड्या बदलतात. हवा दमट झाली की टाके सुईवर जरासे अडतात. कोरड्या फडक्याने पुसून त्याच्यावर मेणकागद फिरवला की पुन्हा सरकू लागतात. उरलेली लोकर आणि तयार स्वेटर मी धुऊन, पूर्ण वाळवून, वेखंडाचे तुकडे घालून ठेवते, आणि पावसाळा संपला की एकदा ऊन दाखवते.

संच मला पाच हजार रुपयांच्या आसपास पडला. ही रक्कम लहान नाही, आणि वर्षातून एखादे टोपडे विणणाऱ्यांनी ती खर्च करू नये. त्यांनी ४ मिलिमीटरची एक जोडी, ८० ची एक केबल आणि एक किल्ली सुटी घ्यावी. बहुतेक कंपन्या हे भाग सुटे विकतात आणि आटे जुळत असतील तर पुढे हळूहळू भर घालता येते. वेगवेगळ्या कंपन्यांचे आटे एकमेकांत बसतीलच असे नाही, तेव्हा पहिली जोडी निवडतानाच विचार करावा. ज्या वर्षाला दोन-तीन स्वेटर विणतात त्यांनी पूर्ण संच घ्यावा आणि त्याच वेळी ३.२५ ची जोडी वेगळी मागवून ठेवावी, म्हणजे बॉर्डर घालायच्या दिवशी काम अडत नाही.